खोलीपासून घरापर्यंत

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गाला आम्ही उर्दूत निबंध लिहायला दिला. विषय नेहमीचाच, 'हमारा घर'. सोबत एक छोटे काम दिले. हे घर कधी घेतले, कुणी घेतले आणि त्याआधी आपण कुठे राहत होतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून शेवटी दोन ओळी लिहायच्या. मुलांनी गॅलरीतल्या मांजरीविषयी लिहिले, नळाला पाणी येण्याच्या वेळेविषयी लिहिले. शेवटच्या दोन ओळी वाचताना मात्र आम्ही थबकलो. आधीचे पत्ते होते डोंगरी, मदनपुरा, भायखळा, कुर्ला, जोगेश्वरी, धारावी. आणि वहीमागून वहीत साल होते १९९३, नाहीतर त्याच्या पुढचे एक-दोन.

बी.एड.ला असताना आम्हाला शिकवले होते की, मुलांना इतिहास शिकवायचा तर त्यांच्या अंगणापासून सुरुवात करावी. आमच्या मुलांना अंगण नाही. म्हणून आम्ही उंबरठ्यापासून सुरुवात करायचे ठरवले. हा लेख त्याच प्रयत्नातून लिहिला आहे. मुंब्र्याच्या दंगलोत्तर वस्तीवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण तेथे आलेल्या हजारो कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच एक घर 'विकत' घेतले, या गोष्टीकडे फारसे कुणी पाहिलेले नाही. ते घर कसे घेतले, कोणत्या कागदावर घेतले, आणि त्या कागदाचे पुढे काय झाले, हा आमच्या समाजाचा इतिहास आहे आणि तो अजून संपलेला नाही.

मुंब्र्याचे नाव निघाले की लोक १९९३ पासून बोलायला लागतात. मुंब्रा त्याआधीही होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत गेली. ठाण्याची खाडी ओलांडून पारसिकच्या डोंगराला वळसा घालत जाणारा तो मार्ग मुंब्र्यावरून जात होता. १९१६ साली पारसिकचा लांब बोगदा खुला झाला, जलद गाड्या डोंगराच्या पोटातून जाऊ लागल्या आणि मुंब्रा जुन्या, वळणाच्या रुळांवर राहिले. वर डोंगरात मुंब्रादेवीचे देऊळ, खाली रेतीबंदर, आणि पलीकडे कौसा. कौसा तर कोकणी मुसलमानांचे जुने गाव. तेव्हा या मातीवर मुसलमान १९९३ साली प्रथम आला, असे समजणे चूक आहे. शहरातला मुसलमान तेव्हा आला, एवढेच.

तो शहरात कसा राहत होता, हे आधी पाहिले पाहिजे. आमचे दादा १९५० च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातून बोटीने मुंबईत आले. गोदीत कामाला लागले आणि गावच्या जमातीच्या खोलीत राहू लागले. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे. प्रत्येकाची एक पेटी आणि निजायला पेटीपुरतीच जागा. १९६१ साली दादांनी डोंगरीत दहा बाय बाराची एक खोली पगडीने घेतली आणि दादींना गावाहून आणले. त्या खोलीत पाच मुले वाढली. त्यातच आमच्या अब्बांचे लग्न झाले आणि त्यातच आमचा जन्म झाला.

पगडी म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाला इमारत दुरुस्त करण्यात रस उरला नाही. मग खोली बदलताना वरची मोठी रक्कम रोखीने द्यायची पद्धत पडली, तीच पगडी. कायद्याने ती घेणे गुन्हा होता. म्हणून तिची पावती कधीच नसे. रक्कम मालकाच्या गादीवर मोजायची, मोहल्ल्यातली दोन मातब्बर माणसे साक्षीला बसवायची आणि भाडेपावती आपल्या नावावर करून घ्यायची. खोली आपली, आणि आपली नाहीही. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, तेव्हा कुठे या व्यवहाराला कायद्यात जागा मिळाली. तोवर आमच्या दोन पिढ्या एक गोष्ट पक्की शिकून बसल्या होत्या. घर जबानीवर घेतले जाते, कागदावर नव्हे.

याच दादांच्या पेटीत कोकणातल्या चार गुंठ्यांचा सातबारा जपून ठेवलेला असे. दर दोन वर्षांनी ते तलाठ्याकडून नवा उतारा आणत, जुन्याशी ताडून पाहत आणि फडक्यात बांधून ठेवत. जमिनीचा कागद म्हणजे काय, हे त्यांना चांगले ठाऊक होते. शहराने त्यांना ते विसरायला लावले.

शहराबाहेर घर घेण्याची इच्छा दंगलीने निर्माण केली, असेही नाही. कुटुंबे वाढली होती, खोल्या तेवढ्याच होत्या. १९७० नंतर कोकणातली आणि मुंबईतली मुले आखातात जाऊ लागली. त्यांच्या दिनार-रियालांतून काहींनी मुंब्रा-कौशात, काहींनी मीरा रोडला सदनिका घेतल्या. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि मदनपुऱ्यासारख्या कामगारवस्त्यांतल्या अनेक घरांची चूल थंडावली. तेव्हा शहरातली खोली विकून लांब स्वस्तात राहण्याचा विचार कित्येकांच्या मनात आला. त्याच वर्षी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि मुंब्रा तिच्यात गेले. म्हणजे वाट पडली होती. लोक तिच्यावरून एकेकटे चालत होते.

६ डिसेंबर १९९२ नंतर ते एकेकटे चालणे राहिले नाही. डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्यांत मुंबई जळाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. त्यात मृतांचा आकडा ९०० आहे. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर. पण आकड्यात न बसणारे नुकसान वेगळेच होते. जेथे एका जिन्यावर दोन्हीकडची कुटुंबे राहत होती, अशा कितीतरी चाळींतून ज्याची संख्या कमी तो निघून गेला. हिंदू वस्तीतला मुसलमान गेला, तसा मुसलमान वस्तीतला हिंदूही गेला. शेजार मोडला तो दोघांचा.

आम्ही तेव्हा तीन वर्षांचे होतो. आठवण नाही, अम्मीचे सांगणे आहे. मार्च १९९३ मध्ये डोंगरीची खोली एक लाख चाळीस हजारांना गेली. रिवाजाप्रमाणे मालकाने तिसरा हिस्सा कापून घेतला. हाती उरले पंचाण्णव हजार. मुंब्र्यात एका खोलीचे स्वयंपाकघरासह घर एक लाख दहा हजारांना मिळत होते. उरलेले पंधरा हजार अम्मीच्या दोन बांगड्यांनी भरले. अब्बांनी बिल्डरच्या टेबलावर पैसे मोजले, वीस रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर दोन पानांचा करार झाला, नोटरीचा शिक्का बसला आणि किल्ली मिळाली. अम्मी म्हणते, 'त्या रात्री मी आतून कडी लावली आणि पहिल्यांदा शांत झोपले.'

त्या झोपेची किंमत आम्ही कधीही कमी लेखणार नाही. भीतीने माणसे मुंब्र्याला आली हे खरे, पण ती तेथे टिकली ती मालकीच्या भावनेने. भाडेपावतीवर जगलेल्या माणसाला दारावर स्वतःच्या नावाची पाटी मिळाली. भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारावे लागत नव्हते. मुलीच्या निकाहासाठी पाहुणे आले तर त्यांना बसवायला जागा होती. वीज तासन्‌तास जाई, पाणी टँकरचे, रस्त्यावर चिखल, आणि कामासाठी रोज त्याच शहरात परत जायचे, लोकलच्या दारात लटकून. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ भरगच्च लोकलच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही दगावले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. मुंब्रेकराला ते दार तीस वर्षांपासून ओळखीचे आहे. एवढे सोसूनही लोकांनी येथे शाळा उभ्या केल्या, मुलींना महाविद्यालयात पाठवले. 'घेट्टो' हा एकच शब्द वापरून हा सगळा इतिहास पुसता येत नाही.

परंतु तो वीस रुपयांचा कागद काय होता, हेही विचारले पाहिजे. महाराष्ट्रात सदनिका मालकी कायदा १९६३ पासून आहे. किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्याआधी बिल्डरने लेखी करारनामा करून त्याची नोंदणी करावी, इमारतीची मंजुरी दाखवावी, पुढे रहिवाशांची सोसायटी होऊ द्यावी आणि जमीन तिच्या नावावर करून द्यावी, असे तो कायदा सांगतो. अब्बांनी घर घेतले तेव्हा हा कायदा तीस वर्षांचा झाला होता. आमच्या इमारतीतल्या चोवीस कुटुंबांपैकी एकानेही त्याचे नाव ऐकले नव्हते.

असे का झाले? आम्हाला चार कारणे दिसतात. पहिले घाई. डोक्यावर छप्पर शोधणारा माणूस मंजूर नकाशा मागत नाही. दुसरे पगडीची सवय. पैसे जबानीवर द्यायचे, हे आम्ही शहरातून सोबत घेऊन आलो होतो. तिसरे कारण बँक. घरकर्ज देणारी बँक स्वतःचे पैसे बुडू नयेत म्हणून का होईना, वकिलाकडून जमिनीचे कागद तपासून घेते. गरीब खरेदीदारासाठी तो फुकटचा दुसरा वाचक असतो. आमच्या वस्त्यांत हा वाचक आलाच नाही. काही बँका ठरावीक भागांना 'नकारात्मक क्षेत्र' ठरवून तेथे कर्ज देणे टाळतात, याची नोंद २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातच आहे.

चौथे कारण आमचे स्वतःचे आहे आणि ते बोलायला अवघड आहे. बँक आली असती तरी आमच्यातले कितीजण तिच्याकडे गेले असते? व्याज हराम आहे, ही आमची श्रद्धा. म्हणून आम्ही बिल्डरलाच हप्ते बांधून दिले आणि व्याजातून सुटलो. पण व्याज टाळताना आम्ही तपासणीही टाळली. वास्तविक दीनने तसे कुठे सांगितले होते? कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज-रोजाविषयी नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, याविषयी आहे. ही आयत आमच्या घराघरांत पढली जाते. व्याजाचा हुकूम आम्ही पाळला आणि लिहून घेण्याचा हुकूम ताकावर ठेवला.

याची किंमत कोणी मोजली? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमध्ये परवानगीशिवाय बांधली जात असलेली एक बहुमजली इमारत कोसळली. वर मजले चढत होते आणि खाली माणसे राहायला आली होती. ७४ जण मेले. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर चौकश्या झाल्या, अटका झाल्या. आम्ही तेव्हा नुकतेच शिकवायला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारले, 'सर, हमारी बिल्डिंग पक्की है ना?' उत्तर आमच्यापाशी नव्हते. आमची स्वतःची इमारत पक्की आहे की नाही, हेही आम्हाला ठाऊक नव्हते.

ते २०२२ साली कळले. पावसाळ्याआधी अब्बांच्या इमारतीवर धोकादायक असल्याची नोटीस लागली. खांबांच्या सळया बाहेर आल्या होत्या. रहिवासी जमले आणि आपापल्या कागदांच्या पिशव्या घेऊन वकिलाकडे गेले. वकिलाने तासभर कागद चाळले. घरपट्टीच्या पावत्या होत्या, वीजबिले होती, रेशनकार्डे होती. नोंदणी केलेला करारनामा एकाचाही नव्हता. सोसायटी नव्हती. जमिनीच्या सातबारावर अजून मूळ शेतकऱ्याचे नाव होते आणि बिल्डरचा पत्ता लागत नव्हता. २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची सोय झाली आहे, म्हणजे बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तरी सोसायटीला ती मिळवता येते. पण त्यासाठीही कागद लागतातच. वकील म्हणाला, 'घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. मालकीचा नव्हे.' अब्बा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी दारावरची पाटी पुसली आणि पुन्हा नीट लावली.

त्याच वर्षी आम्ही दोघे आमचे पहिले घर शोधत होतो. दोघेही शिक्षक, दोघांचाही पगार ठरलेला. आधी ठाणे शहरात पाहिले. दलालाने फोनवर सगळे सांगितले. आमचे नाव ऐकले आणि 'सोसायटीला विचारून सांगतो' म्हणाला. त्याचा फोन पुन्हा आला नाही. गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २००५ साली पारशी सोसायटीच्या प्रकरणात न्यायालयाने तसा उपनियम ग्राह्य मानला. आमच्या दलालाला कोणत्याही उपनियमाची गरज पडली नाही. आम्ही मुंब्र्यातच घ्यायचे ठरवले. त्यात नाइलाज होता, पण आपलेपणही होते. आमची शाळा येथे, आमची मुले येथे.

दोन घरे समोर होती. एक मोठे, दोन खोल्या आणि हॉल, मशिदीला लागून, किंमत कमी, पण भोगवटा प्रमाणपत्र नाही. दुसरे लहान, एक खोली आणि हॉल, स्थानकापासून लांब, महाग, पण कागद पूर्ण. अब्बांना पहिले पसंत होते. 'इतके लोक राहतात, त्यांना काही झाले का?' हा त्यांचा सवाल. हाच सवाल १९९३ साली त्यांना कुणीतरी केला असणार. आम्ही पंधरा दिवस भांडलो. शेवटी अम्मी म्हणाली, 'पहिल्या घरात माझ्या बांगड्या गेल्या. या वेळी कागद बघून घ्या.'

कर्जासाठी एका बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी पगाराची चिठ्ठी पाहून मान डोलावली आणि पत्ता पाहून फाईल मिटली. 'हा एरिया आमच्या यादीत नाही,' म्हणाले. सच्चर अहवालाला तेव्हा सोळा वर्षे झाली होती. मग शिक्षकांच्या पतपेढीतून काही रक्कम उभी केली, कुवैतला असलेल्या मेहुण्याने काही कर्ज-ए-हसना दिले, उरलेले बचतीतून. पतपेढीच्या व्याजाविषयी आम्ही एका आलिमांना विचारले, ते नाखूश होते. युरोपातल्या फतवा परिषदेने १९९९ साली राहण्यापुरत्या पहिल्या घरासाठी, दुसरा मार्ग नसेल तर, सवलतीचा कौल दिला होता. पुष्कळ उलेमांना तो मान्य नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. आमचा निर्णय आम्ही कुणाला शिकवीत नाही. तो आमच्या मानेवर आहे आणि शक्य तितक्या लवकर तो बोजा उतरवण्याची आमची नियत आहे. मात्र बिनव्याजी गृहकर्जाची भक्कम व्यवस्था आमच्या जमातींनी, बैतुलमालांनी का उभी केली नाही, हा प्रश्न आम्ही विचारणार आहोत.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात करारनाम्याची नोंदणी झाली. खरेदीदार म्हणून दोघांची नावे लागली. कारकुनाने सहज विचारले, 'मॅडमचे नाव पण टाकायचे?' आम्ही म्हणालो, 'आधी त्यांचेच टाका.' अम्मीच्या दोन बांगड्यांचे नाव कोणत्याच कागदावर नव्हते, ते आमच्या ध्यानात होते.

वाचकांना, विशेषतः मुंब्रा, भिवंडी, मीरा रोड, तळोजा अशा ठिकाणी पहिले घर घेऊ पाहणाऱ्या तरुण जोडप्यांना, आम्ही मास्तरकीच्या अधिकाराने चार गोष्टी सांगतो. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहा आणि विकणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध आहे ते विचारा. बांधकामाची मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र महानगरपालिकेत जाऊन पडताळा. नवी इमारत असेल तर तिचा महारेराचा नोंदणी क्रमांक पाहा. हा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू आहे, आणि नोंदणी केलेला करारनामा होण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायला त्याने मनाई केली आहे. आणि वकिलाच्या फीचे दोन-पाच हजार वाचवू नका. बँक येवो न येवो, दुसरा वाचक आपण स्वतः आणला पाहिजे.

अब्बा-अम्मी आता आमच्याकडे राहतात. जुन्या इमारतीतल्या चोवीस कुटुंबांनी सोसायटी नोंदवण्यासाठी अर्ज केला आहे. मूळ जमीनमालकाच्या वारसांशी बोलणी चालू आहेत. निकाल काय लागेल, आज सांगता येत नाही. लहानशा हॉलमध्ये रात्री सहा गाद्या पडतात. डोंगरीची आठवण येते, असे अम्मी हसत म्हणते.

गेल्या रमजानमध्ये इफ्तारनंतर अब्बांनी आमच्या घराची फाईल मागितली. चष्मा लावून करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, एकेक पान त्यांनी वाचले, अर्धे समजले नाही तरी वाचले. मग दादांची पत्र्याची पेटी काढायला लावली. फडक्यात बांधलेला कोकणातला सातबारा बाहेर काढला, त्याच्याखाली आमची फाईल ठेवली आणि पेटीला कुलूप लावले. किल्ली त्यांनी सुनेच्या हाती दिली.

यंदा सातवीला पुन्हा 'हमारा घर' हाच निबंध देणार आहोत. दोन ओळींच्या जागी या वेळी तीन ओळी मागू. तिसरी ओळ अशी : घराचा कागद कुठे ठेवला आहे, आणि त्यावर कुणाकुणाचे नाव आहे.